रॅटून म्हणजे आपली पिलबाग

आदरणीय सर,

सादर प्रणाम.

रावेर तालुक्यातल्या आमच्या केळी उत्पादकांच्या गटासाठी मी एका इंग्रजी पुस्तिकेचं मराठी करत होते. ती अखेर छापून आली. ज्या शब्दापाशी ती अडली होती तो तुम्ही सोडवलात, म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर लिहिते आहे.

शब्द होता रॅटून. फोनवरच्या भाषांतराने मला 'रॅटून पीक' असंच परत दिलं आणि मीही तसंच लिहून पुढे गेले. त्याच्या जोडीच्या 'प्लँट क्रॉप'चं तर 'झाडाचं पीक' करून ठेवलं होतं. तुम्ही ओट्यावर बसून ते पान वाचलंत आणि शब्दकोश उघडायच्या आधी मला विचारलंत, "घड कापल्यावर तुझे वडील काय करतात?"

"पिल राखतात," मी म्हणाले.

"मग झालं की!"

सर, त्या क्षणी मला भरून आलं. केळीचं झाड एकदाच घड देतं, पण जमिनीखालचा कंद जिवंत असतो. त्याच्यावरचं अरुंद पानांचं एक जोमदार पिल, म्हणजे फुटवा, राखायचं, बाकीची कापत राहायची, की नव्याने लागवड न करता पुढचा बाग, म्हणजे पिलबाग, उभा राहतो. हे मी लहानपणापासून पाहत आले होते, तरी इंग्रजीत ते ओळखता आलं नाही.

शब्दकोश तुम्ही नंतर काढलात. उच्चारात जोर 'टून'वर. मूळ स्पॅनिशमधल्या 'रेतोन्यो'त, म्हणजे फुटवा. कॅरिबियन बेटांवरच्या उसाच्या मळ्यांत रुळलेला हा शब्द क्रियापद म्हणूनही चालतो. एखादं वाण 'रॅटून्स वेल' असं लिहिलं असेल, तर त्याचा खोडवा, म्हणजे तोडणीनंतर त्याच बुडख्यांवर पुन्हा येणारं पीक, चांगला येतो.

आणि मग तुम्ही जे सांगितलंत त्यामुळे पुस्तिका तरली. इंग्रजीत सगळ्या पिकांना हा एकच शब्द. आपल्याकडे पीक बदललं की शब्द बदलतो. उसात आधी लागण, म्हणजे नवं लावलेलं पीक (तोच 'प्लँट क्रॉप'), मग खोडवा, आणि खोडवा तुटल्यावर पुन्हा घेतलेला तो निडवा. केळीत पिलबाग. कापसात फरदड, म्हणजे वेचणी झाल्यावर त्याच पऱ्हाटीला पाणी देऊन पुन्हा बोंडं घेणं. पुस्तिकेत कापसाचा एक परिच्छेद होता: फरदड घेऊ नका, गुलाबी बोंडअळीला सलग खाद्य मिळत राहतं. तिथे मी 'रॅटून कापूस' छापला असता, तर तो इशारा कुणाला कळला असता?

दुसऱ्या दिवशी मी सगळी पानं पुन्हा लिहिली. कठीण शब्द आला की आता आधी बाबांना विचारते: हे काम तुम्ही कधी करता, आणि त्याला काय म्हणता?

दोन प्रती सोबत पाठवते आहे. अकराव्या पानावर 'पिलबाग' आहे, ते आधी पाहा.

तुमची विद्यार्थिनी