मृगाच्या आत फोम बदल

सातारा,
११ मे

प्रिय बंड्या,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या सुपर सॉपरचे, म्हणजे क्रिकेटच्या मैदानावरचं पाणी टिपून काढणाऱ्या मशीनचे, तुझे फोटो पाहिले. खाली फक्त ‘हे गेलं का रे?’ एवढाच प्रश्न. मशीन गेलेलं नाही, गेलाय तो फोम. ड्रम, चेसिस, पिळणारा रोलर, पंप सगळं शाबूत दिसतंय. तुमची कमिटी नवीन सुपर सॉपर घ्यायला निघाली असेल तर आधी तिला थांबव. फोनवर सांगायला बसलो तर अर्धं मी विसरेन आणि उरलेलं तू, शिवाय मापं कागदावरच हवीत, म्हणून सविस्तर लिहितोय.

मुंबईच्या क्रिकेटमधल्या कांगा लीगचे दिवस आठव. १९४८ पासून भर पावसात चाललेली स्पर्धा, पिच उघडं, आणि पाणी काढायला काय, तर गोणपाट, बादल्या आणि लाकडाचा भुसा. आझाद मैदानावर माळी पोतं पसरून त्यावर नाचायचे आणि मग ते पिळायचे. सुपर सॉपर दुसरं काय करतं? पोत्याच्या जागी फोम, माळ्याच्या हातांच्या जागी लोखंडी रोलर. ऑस्ट्रेलियातल्या गॉर्डन विथनॉल नावाच्या माणसाची ही कल्पना, आणि आपल्याकडची फॅब्रिकेशनवाल्यांनी बनवलेली मशीनं तिच्याच नातलग. हे सांगायचं कारण, लोक समजतात की फोम पाणी ओढतो म्हणून मशीन चालतं. खरं काम पिळण्याचं आहे. न पिळलेला फोम दोन फेऱ्यांत तुडुंब भरतो आणि मग मैदानावरचं पाणी नुसतं इकडचं तिकडं करतो.

तुझ्या फोटोत ड्रमच्या दोन्ही कडांना टक्कल पडलंय आणि मधला जोड उघडलाय. पाणी काढल्यावर गवतावर मधे कोरडा आणि कडेला ओला असा पट्टा उमटत असणार. फोमचा कोपरा चिमटीत धरून चोळ. शिळ्या भाकरीसारखा चुरा पडला तर ठिगळं लावायच्या भानगडीत पडू नकोस, सगळाच काढ. चुरा होतो तो उन्हाने आणि दमटपणाने. पॉलियुरेथेन फोमच्या दोन जाती असतात, पॉलिएस्टर आणि पॉलिइथर. पॉलिएस्टरवाला सतत ओला राहिला की आतून कुजत जातो, पॉलिइथरवाला पाण्याला जास्त टिकतो. दुकानात ‘पॉलिइथर आहे का’ असं विचारलंस तर गादीवाला तुझ्याकडे बघत बसेल, पण थोड्या मोठ्या व्यापाऱ्याला कळतं.

आता फोम निवडायचा कसा. गादीवाले डेन्सिटीची भाषा बोलतात, ३२, ४० वगैरे. आकडा म्हणजे एका घनमीटरचं किलोत वजन, बाकी काही नाही. त्यावरून फोम पाणी पिईल की नाही हे कळत नाही. त्यासाठी एक सोपी चाचणी आहे. तुकडा तोंडाला घट्ट लावून फुंकर मार. पलीकडे तळहाताला हवा लागली तर छिद्रं एकमेकांत उघडी आहेत, तो चालेल. गाल फुगले आणि हवा अडली तर तो बंद छिद्रांचा, योगाच्या मॅटसारख्या सामानातला. दिसायला मजबूत, पण पाणी त्याच्यावरून घरंगळत जातं. तुकड्या-तुकड्यांचा दाबून केलेला रिबॉन्डेड फोमही नको, दुकानदार तो ‘जास्त टिकाऊ’ म्हणून गळ्यात मारतात. सोफ्यासाठी टिकाऊ असेल.

मापाकडे येतो. इथेच लोक फसतात. धर, तुझा लोखंडी ड्रम ४० सेंटिमीटर व्यासाचा आहे. त्याचा परीघ साधारण १२५.७ सेंटिमीटर. त्यावर ५ सेंटिमीटर जाडीचा फोम चढवलास की बाहेरचा व्यास ५० आणि परीघ १५७. म्हणजे एकाच पट्टीची आतली बाजू १२५ ला बसवायची आणि बाहेरची १५७ पर्यंत ताणायची. ती ताणलेली बाजू दिवसरात्र मिटायला बघते, आणि जोड उघडतो. तुझा उघडलाय तो याच कारणाने, गोंदाला शिव्या देऊ नकोस. म्हणून जाड फोम एकदम न घेता अडीच-अडीच सेंटिमीटरचे दोन थर घ्यायचे. लांबी मोजायची ती थराच्या मध्यावरची: पहिल्या थराला (४० + २.५) गुणिले पाय (३.१४ वाला), म्हणजे १३३.५ सेंटिमीटर, आणि दुसऱ्याला (४५ + २.५) गुणिले पाय, म्हणजे १४९ च्या जरा वर. मग आतली बाजू थोडी दबते, बाहेरची थोडी ताणते, आणि जोडावर फारसा जोर राहत नाही. हे मी माझ्या ४० च्या ड्रमवरून लिहितोय, तुझा ड्रम आधी टेपने मोज. गंज आणि जुना गोंद खरवडून झाल्यावर मोज, आधी नाही.

कापताना फोम फळीने दाबून कापायचा मोह होतो. दाबला की कड आत वळते आणि सरळ बसत नाही. नवं पातं लावलेला कटर घे, पातं लांब काढ आणि न दाबता एका दमात ओढ. टोकं चौकोनी ठेवू नकोस. पट्टी समांतरभुज चौकोनासारखी काप, म्हणजे जोड ड्रमवर तिरका येतो आणि पिळणाऱ्या रोलरखालून सगळा एकदम जात नाही. नाहीतर प्रत्येक फेरीला धक्का बसतो आणि तो जोड पहिला मरतो. दुसऱ्या थराचा जोड पहिल्याच्या बरोबर समोरच्या बाजूला टाक.

गोंद रबर बेसचा काँटॅक्ट अ‍ॅडेसिव्ह, फेविकॉलचा एसआर ९९८ चप्पल दुरुस्तीवाल्यापासून सोफेवाल्यापर्यंत सगळे वापरतात तो चालतो. ड्रम वायर ब्रशने घासून, थिनरने पुसून, हात लावला तर धूळ लागणार नाही इतका स्वच्छ कर. पातळ हात दोन्हीकडे मार, ड्रमलाही आणि फोमलाही, आणि थांब. बोट टेकवलं तर चिकट वाटलं पाहिजे पण तार ओढली जाता कामा नये. मग बटर पेपर मधे ठेवून पट्टी गुंडाळ, आणि पेपर हळूहळू ओढत जा, म्हणजे नको तिथे चिकटणार नाही. एकदा चिकटलं की सरकवता येत नाही, फाडूनच काढावं लागतं. दरवाजे उघडे ठेव, थिनरचा वास डोक्यात जातो, आणि तुमचा तो माळी जवळपास बिडी घेऊन फिरत असेल तर त्याला चहाला पाठवून दे.

दोन थरांच्या मधे गोंद सगळीकडे फासू नकोस. वाळलेला गोंद म्हणजे रबराचा पडदा, त्यातून पाणी आत जात नाही. मग बाहेरचा थर एकटाच पाणी पितो आणि आतला नुसता गादी म्हणून पडून राहतो. कडेला दोन बोटं रुंद पट्टा, जोडाला पूर्ण, आणि मधे अंतरा-अंतराने बोटभर रेघा, बस. काही मोठ्या मशीनमध्ये ड्रमलाच भोकं असतात आणि पाणी आत पिळलं जातं. तुझं तसलं असेल तर भोकांवर गोंद जाता कामा नये. फोटोत मला भोकं दिसत नाहीत, पण एकदा खात्री कर.

आणि हे सगळं मृग लागायच्या आत. पावसाळी हवेत असला गोंद नीट धरत नाही, त्यातलं द्रावण उडताना पृष्ठभाग गार होतो आणि हवेतली ओल त्यावर साचते. वरून वाळल्यासारखा दिसतो आणि आठवड्यात पापुद्रा निघतो. तुमच्याकडे रत्नागिरीत तर वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, जूनमध्ये कोरडी दुपार कुठून आणणार? चिकटवल्यावर एक दिवस तरी तसाच राहू दे, ड्रम जमिनीवर न टेकवता, दोन्ही बाजूंना स्टँडवर उचलून.

त्यानंतर पिळणारा रोलर. तुझ्या मशीनमध्ये तो ड्रमच्या मागच्या अंगाला आहे, ते बरोबर आहे. मशीन पुढे जाताना मागचीच बाजू जमिनीवरून वर येते, तिथेच पिळायचं आणि खालच्या ट्रेमध्ये पाणी सोडायचं, मग कोरडा फोम वरून पुढे उतरतो. दोन्ही टोकांच्या स्प्रिंग सारख्या ताणाच्या आहेत का बघ. पाच सेंटिमीटरचा फोम साधारण निम्म्यापर्यंत दबला पाहिजे. जास्त आवळलास तर इंजिन कण्हेल आणि जोड उचकटेल. सिमेंटच्या अंगणात पाणी ओतून चालवून बघ: ट्रेमध्ये पाण्याची धार एका टोकाला जाड आणि दुसऱ्याला बारीक पडत असेल तर त्या बारीक बाजूची स्प्रिंग कस. रोलरच्या बेअरिंगमध्ये ग्रीसही घालून घे, सगळं उघडलेलंच असेल.

तुमच्या कमिटीला एक हिशेब सांग. मध्यापासून ७० यार्डांवर सीमारेषा धरली तर मैदान जवळपास १३ हजार चौरस मीटर. त्यावर नुसतं एक मिलिमीटर पाणी साचलं तरी १३ हजार लिटर होतं. माझ्या ड्रमवरच्या सगळ्या फोमचं घनफळ, एक मीटर लांबीचा ड्रम धरला तर, ७० लिटर. कसलाही नवा कोरा सॉपर आणा, आउटफिल्डच्या, म्हणजे पिचभोवतीच्या गवताळ मैदानाच्या, खाली पाण्याला वाट नसेल तर तो दिवसभर भोवऱ्यासारखा फिरत राहील. सप्टेंबर २०२४ मध्ये ग्रेटर नोएडात अफगाणिस्तान-न्यूझीलंड कसोटी एकही चेंडू न पडता रद्द झाली, पंखे लावून गवत वाळवत होते बिचारे. त्याच महिन्यात कानपूरला बांगलादेशविरुद्ध पहिल्या दिवशी ३५ षटकं झाली आणि पुढचे दोन दिवस एक चेंडू नाही. त्यातला तिसरा दिवस तर पाऊस नसतानाही ओल्या आउटफिल्डने खाल्ला. बंगळुरूच्या चिन्नास्वामीवर २०१७ मध्ये जमिनीखालून पाणी ओढून घेणारी यंत्रणा बसवली, ती खरी पाण्याची सोय. आपल्या पैशात ते स्वप्नच, पण नव्या मशीनचे पैसे कमिटीला खर्चायचेच असतील तर ते मैदानाच्या कडेच्या चरांवर खर्चू दे. तुमची जांभ्याची माती तशीही पाणी धरत नाही, तिला नुसती वाट हवी.

पिचवर मात्र हे मशीन चालवू नका. पिचची काळी चिकण माती फोमच्या छिद्रांत बसली की नुसत्या पाण्याने निघत नाही. कव्हरवर साचलेलं पाणी ओढायला वापरा, त्याला काही हरकत नाही. कव्हर मात्र तपासून घे. गुवाहाटीला ५ जानेवारी २०२० ला भारत-श्रीलंका टी-२० याच पायी गेली. पाणी झिरपून पिच ओलं झालं आणि हेअर ड्रायर, इस्त्री घेऊन माणसं त्याच्यावर वाकलेली सगळ्या देशाने पाहिली. मला हसू आलं आणि लगेच वाईट वाटलं. रात्रभर कव्हर कोण राखतं, ते कोण बघतं?

वापरून झालं की फोम साध्या पाण्याने धू, पिळून घे, आणि ठेवताना पिळणाऱ्या रोलरची स्प्रिंग सैल कर. नाहीतर तो दाबाखाली एकाच जागी बसतो आणि तिथे कायमचा खड्डा पडतो. ताडपत्री टाक, ऊन लागू देऊ नकोस. गवत कापायच्या मोअरचं तेल किंवा पेट्रोल त्याच्या आसपास नको. आणि उंदीर. मशीन गेस्ट रूमच्या मागच्या अंधाऱ्या खोलीत ठेवाल तर पावसाळा संपायच्या आत फोमची घरटी होतील. आमच्याकडे झालीत.

आता एक काम कर. ड्रमची लांबी, खरवडलेल्या ड्रमचा व्यास आणि पिळणाऱ्या रोलरचा व्यास, तिन्ही कळव. गुरुवारी मी पुण्याला फोमवाल्याकडे जातोय, आमच्या मशीनच्या दुसऱ्या ड्रमचाही फोम घ्यायचाय, एकत्र घेतला तर तो थोडा कमी करतो. कापून आणि पट्ट्यांवर नंबर टाकून एसटीच्या पार्सलने पाठवेन. गोंद तिथेच घे, पार्सलमध्ये ज्वलनशील सामान घेत नाहीत.

वहिनींना नमस्कार सांग. मुलाच्या बारावीच्या निकालाचं काय झालं, तेही लिही.

तुझा,
नाना

ता. क. जुना फोम टाकून देऊ नकोस. त्यातला चांगला भाग कापून ठेव, पिचच्या कडेचं आणि गोलंदाजाच्या पायखड्ड्यातलं पाणी हाताने टिपायला त्यासारखं काही नाही.