घोणस राहिली बाजूला, छापला अजगर!

मा. संपादक,
स.न.वि.वि.

कालच्या अंकातली 'आता कुठलाही साप चावो, औषध एकच' ही बातमी वाचली. कालच लिहायला बसले होते पण म्हटलं रागात काहीतरी वेडंवाकडं लिहिलं जाईल, म्हणून आज लिहितेय, तरी राग फारसा उतरलेला नाही हे तुम्हाला कळेलच.

कुठलाही साप हे तुम्हाला सांगितलं कोणी? माझी धाकटी नर्सिंगला आहे, तिने मूळ संशोधन मोबाईलवर काढून मला समजावून सांगितलं. २०२५ च्या मे मध्ये 'सेल' या विज्ञान नियतकालिकात आलेलं, तो अमेरिकेतला टिम फ्रीडी, ज्याने वर्षानुवर्षं स्वतःला सापाचं विष टोचून घेतलं, त्याच्या रक्तातल्या दोन अँटीबॉडी, म्हणजे विषाशी लढणारी प्रथिनं, आणि जोडीला व्हारेस्प्लाडिब नावाचं औषध, आणि प्रयोग कोणावर तर उंदरांवर. १९ जातींचं विष तपासलं, १३ जातींपासून पूर्ण संरक्षण मिळालं, बाकीच्यांपासून थोडंफार. काम चांगलंच आहे, नाही कोण म्हणतंय. पण त्या १९ च्या १९ जाती नाग-मण्यारच्या कुळातल्या! घोणस नाही, फुरसं नाही, व्हायपर म्हणून जे साप आहेत त्यातला एकही नाही. त्यांच्यावर अजून काम करायचंय असं ते संशोधक स्वतःच सांगतायत, तुमच्या बातमीदाराने नेमकी तीच ओळ गाळली. शेतात चावतं कोण, घोणसच ना?

बरं फोटो कुठला, तर अजगराचा. खाली ठसठशीत 'विषारी घोणस'. धन्य आहे. घोणशीच्या अंगावर साखळीसारखे गोल ठिपके तीन ओळीत नीट असतात, अजगराचे पट्टे कसेही वेडेवाकडे. आमच्याकडची शाळकरी पोरं सांगतील. हसण्यावारी नेण्यासारखं नाहीये हे, अजगराचं पिल्लू समजून घोणस हातात घेणारे लोक आहेत, आणि तुम्ही त्यांना फोटोसकट शिकवताय.

मला एवढं का लागलं ते सांगते. आमच्या भाऊजींना सोयाबीन काढताना घोट्याजवळ घोणस चावली. साप सगळ्यांनी बघितला होता, कुकरसारखा फुसफुसत होता, शंकेला जागाच नव्हती. जवळच्या दवाखान्यात नेलं (नाव लिहीत नाही, लिहिलं तर तुम्ही कापणारच), तिथे नळीत रक्त घेतलं, आणि थोड्याच वेळात कोणीतरी येऊन नळी उचलून वाकडी करून बघितली, म्हणाले गोठलंय, विष भिनलेलं नाही, धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं आणि रात्रीच घरी पाठवलं. सकाळी हिरड्यांतून रक्त, लघवी लाल, पाय गुडघ्यापर्यंत सुजलेला. मग धावाधाव, मोठं हॉस्पिटल, अँटीव्हेनमच्या, म्हणजे सापाच्या विषावरच्या औषधाच्या, बाटल्यांमागून बाटल्या, पण किडनीला जे व्हायचं ते झालं होतं. डायलिसिस. भाऊजी वाचले म्हणून आज हे लिहितेय, पण त्या माणसाची पूर्वीची ताकद काही परत आली नाही, आणि जमिनीचा एक तुकडा गेला तो गेलाच.

ती टेस्ट कशी करायची असते ते मला नंतर कळलं. नवी कोरी कोरडी काचेची नळी, साबणाने धुतलेली चालत नाही, प्लास्टिकची चालत नाही, आणि २० मिनिटं तिला हात लावायचा नाही. आणि पहिल्यांदा रक्त गोठलं तरी पेशंटला घरी सोडायचं नसतं, टेस्ट परत परत करायची, निदान २४ तास तरी ठेवून घ्यायचं, कारण विष अंगात हळूहळू चढू शकतं. घोणशीचं विष रक्त गोठवायची यंत्रणाच नको तितकी चालू करतं, गोठायला लागणारं फायब्रिनोजेन त्यात संपून जातं आणि मग रक्त गोठतच नाही. गंमत म्हणजे हेच विष एवढंसं वापरून लॅबमध्ये रक्त गोठण्याच्या एका आजाराची तपासणी करतात. आणि आम्हाला साधी काचेची नळी नीट मिळाली नाही.

हे छापा ना कधीतरी. बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत (आयआयएससी) कार्तिक सुनगर यांच्या टीमने देशातल्या ३४ ठिकाणच्या ११५ घोणशींचं विष तपासलं, तेही २०२५ चंच, त्यात दिसलं की तापमान आणि पाऊस बदलतो तसं विषही बदलतं, कोरड्या भागातल्या घोणशीत प्रथिनं तोडणारी एन्झाइम जास्त जोरात असतात. आणि आपलं अँटीव्हेनम बनतं ते बहुतेक तमिळनाडूतल्या इरुळा या साप पकडणाऱ्या आदिवासींच्या सोसायटीतून आलेल्या विषावर. म्हणजे तिकडच्या सापाचं औषध इकडच्या सापाला कितपत लागू पडेल हा आमच्या जिवाचा प्रश्न आहे, याच्यावर तुमच्याकडे चार ओळी नाहीत. आपल्या देशात २००० ते २०१९ मध्ये वर्षाला सरासरी ५८ हजार माणसं सर्पदंशाने गेली असा अंदाज आहे, आणि तुम्ही अमेरिकेतल्या एका माणसाचे दंडावरचे फोटो मोठे करून छापताय (ते मात्र बरोबर होते).

आणि हो, त्याच पानावर खाली साप पळवणाऱ्या मशीनची जाहिरात. 'प्लगला लावा, निर्धास्त झोपा.' सापाला हवेतले असले आवाज आपल्यासारखे ऐकू येतात का, एवढं तरी जाहिरात घेताना विचारायचं होतं. पण पैसे कोण सोडतंय म्हणा. आमच्या शेजाऱ्यांनी कात्रण काढून ठेवलंय, आणि घरासमोरचा लाकडांचा ढीग हलवायचं मात्र रद्द केलं.

दुरुस्ती छापणार असाल तर पहिल्या पानावर छापा, बातमी तिथेच होती. आत लग्नाच्या जाहिरातींशेजारी बोटभर जागेत नको. आणि फोटो घोणशीचाच टाका, कोणाला तरी दाखवून.

कळावे,
तुमची जुनी वर्गणीदार