डॉक्टर मॅडम, दादाच्या किडन्या वाचवल्यात, तुमचे मनापासून आभार

नमस्कार मॅडम,

डिस्चार्जच्या गडबडीत तुमच्याशी नीट बोलणंच झालं नाही, म्हणून इथे सगळ्यांसमोर लिहितेय.

दादाला नेफ्रॉटिक सिंड्रोम आहे, लघवीतून प्रोटीन जातं, पायावर सूज येते, एवढंच आम्हाला माहिती होतं. पण त्या प्रोटीनबरोबर रक्त गोठू न देणारं अँटीथ्रॉम्बिन पण वाहून जातं आणि म्हणून अशा पेशंटला गुठळ्या होतात, हे तुम्ही सांगितलंत तेव्हा पहिल्यांदा कळलं. कमरेच्या वर दोन्ही बाजूंना असह्य कळा, लाल लघवी, मग डॉप्लर सोनोग्राफी, सीटी स्कॅन, आणि दोन्ही किडन्यांच्या शिरा बंद!! किडनीचं काम बिघडलं की रक्तात वाढतं ते क्रिएटिनिन रोज वर चाललेलं.

घरच्यांचा एकच धोशा, पोट उघडा आणि गुठळी काढून टाका. तुम्ही चिडला नाहीत. रिपोर्टच्या पाठीमागे पेनाने दोन किडन्या आणि मधली मोठी शीर काढलीत आणि सांगितलंत की बहुतेकांचं हेपॅरिन, म्हणजे रक्त गोठू न देणारं इंजेक्शन, आणि नंतर तशाच गोळ्यांवर भागतं, पोट उघडून ऑपरेशन आता क्वचितच करावं लागतं, पण इथे दोन्हीकडे बंद आहे आणि किडनी बसत चाललीये तर नुसतं औषधावर थांबून चालणार नाही, मांडीतल्या शिरेतून कॅथेटर, म्हणजे बारीक नळी, वर न्यायचा, गुठळीतच विरघळवायचं औषध सोडायचं आणि राहील ती ओढून घ्यायची. रक्तस्राव होऊ शकतो, तुकडा सुटून फुफ्फुसात जाऊ शकतो, हे पण तिथेच स्पष्ट सांगितलंत. खरं सांगू, त्यामुळेच आईने शांतपणे सही केली. प्रत्येक पेशंटच्या घरच्यांना असं कोणीतरी बसून समजावायला हवं.

बाहेर येऊन मास्क खाली करत तुम्ही म्हणालात, "शिरा मोकळ्या झाल्यात, आता लघवी बघायची." आणि मग रात्री उशिरा स्वतः येऊन, वाकून युरीन बॅगवरचा आकडा वाचलात. लघवी वाढली होती आणि रंगही निवळत होता. तुमच्या चेहऱ्यावरचं ते हसू आईला अजून आठवतं.

आता रक्त गोठू न देणारी वॉर्फरिनची गोळी चालू आहे, आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते दाखवणारा तपासणीतला आकडा) 2 ते 3 मध्ये ठेवायचाय, मूळ आजाराची ट्रीटमेंटही चालूच आहे. दादाने सगळे रिपोर्ट तारखेप्रमाणे एका वहीत चिकटवलेत, पुढच्या फॉलोअपला घेऊन येतोय. आई पण येणार आहे, तिला तुम्हाला भेटायचंय, पाच मिनिटं काढाल ना?