काय सुधारतं, काय नाही

ती. आई-बाबांना सा. नमस्कार.

फोटोग्राफीनं काय शिकवलं हे लिहायला बसलं की मोठमोठे शब्द सुचतात. ते टाळून एकच सांगते: कोणती चूक नंतर सुधारता येते आणि कोणती नाही, हे बटण दाबण्याआधी ठरवायचं.

समजा, पळणाऱ्या मुलाचा फोटो घ्यायचाय आणि कॅमेऱ्यातलं उजेड मोजणारं मीटर सांगतंय एफ/8 (लेन्सचं छिद्र, म्हणजे अ‍ॅपर्चर; आकडा लहान तितकं ते मोठं), 1/60 सेकंद (प्रकाश आत येण्याचा वेळ), आयएसओ 100 (प्रकाशाला किती संवेदनशील ठेवायचं तो आकडा). 1/60 ला हातपाय हललेले येतात. निदान 1/500 हवं. म्हणजे प्रकाश एक अष्टमांश उरला, आमच्या भाषेत तीन स्टॉप गेले (एक स्टॉप म्हणजे प्रकाश निम्मा किंवा दुप्पट). ते भरून काढायला अ‍ॅपर्चर एफ/2.8 पर्यंत उघडलं तर स्पष्ट दिसणारा पट्टा इतका अरुंद होतो की मूल जरा पुढे आलं तरी चेहरा धूसर. आयएसओ 800 केला तर फोटो थोडा दाणेदार. दाणे सॉफ्टवेअरमध्ये बरेचसे पुसता येतात. हललेला किंवा फोकस चुकलेला चेहरा धड नीट होत नाही. त्यामुळे मी बिनदिक्कत आयएसओ वाढवते. दाणे मोजणाऱ्यांनी मोजत बसावं.

उजेडाचंही तसंच. डिजिटल सेन्सरवर, म्हणजे फिल्मच्या जागी प्रकाश टिपणाऱ्या भागावर, एखादा भाग पांढराफटक झाला की तिथे तपशीलच उरत नाही. रॉ फाइलमधली (सेन्सरनं टिपलेल्या कच्च्या माहितीची फाइल) सावली मात्र दोनेक स्टॉप सहज उजळता येते. म्हणून आम्ही फोटो किंचित गडदच घेतो. बाबा, निगेटिव्ह फिल्मचं गणित नेमकं उलट होतं. सावलीत प्रकाश कमी पडला तर निगेटिव्ह तिथे कोरी राहायची, आणि उजळ भाग थोडा जास्त झाला तरी प्रिंट काढताना सांभाळून घेता यायचा. ‘जरा जास्तच एक्स्पोजर (प्रकाश) दे’ हा तुमच्या पिढीचा सल्ला फिल्मसाठी अगदी बरोबर होता. सेन्सर बदलले की माझाही जुना होईल.

आई, फोनवर चेहऱ्यावर बोट दाबून धरलंस की बहुतेक फोनमध्ये फोकस आणि उजेड तिथेच लॉक होतो. मग बाजूची सूर्याची खूण खाली ओढ, पांढऱ्या कपड्याची वीण दिसेपर्यंत. पण चौकट जवळजवळ सगळीच पांढरी असेल तर ती खूण वर ओढायची. मीटर समोरचं सगळं मध्यम करडं आहे असंच धरून चालतं, त्यामुळे पांढरं मळकट येतं आणि काळं फिकट. (सगळ्यांना एकच सरासरी लावणारी माणसंही असतात, त्यांना असंच वर-खाली ओढावं लागतं.)

हात थरथरतो म्हणून फोटो काढणं सोडू नका. पाठ भिंतीला टेकवा, कोपरं बरगड्यांना लावा, फोन दोन्ही हातांत धरा आणि 3 सेकंदांचा टायमर लावा. बऱ्याचदा फोटो हलतो तो बटण दाबतानाच्या धक्क्यानं. लागोपाठ चार-पाच घ्या, एक तरी नीट निघतो. आधी लेन्स मऊ सुती कापडानं पुसा. बोटांचा तेलकटपणा लागला की दिव्यांभोवती धुरकट वलयं येतात.

आणि ज्याची दुसरी प्रत नाही असा फोटो फोनबरोबरच जातो. मूळ धरून तीन प्रती हव्यात, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक घराबाहेर. बाबा, तुम्ही हार्ड डिस्कवर एक काढून ठेवा, घराबाहेरची मी माझ्याकडे ठेवते.

तुमची लेक