आठवण: रविवारचं ताओ पद्धतीचं चहापान

सिंगापूरकर सभासदांनो, येत्या रविवारी सकाळी १० वाजता कलादालनात, चिनी निसर्गचित्रांसमोर, आपलं चहापान आणि मनोगत आहे. पावणेदहापर्यंत जागेवर बसा. पाणी उकळायला लागलं की दार बंद होईल.

चहा चीनच्या फुच्येन प्रांतातल्या वुयी पर्वताचा ऊलाँग, म्हणजे अर्धवट आंबवलेल्या पानांचा चहा आहे. हा डोंगर ताओपंथीयांना, म्हणजे ताओ या प्राचीन चिनी पंथाच्या लोकांना पवित्र, आणि १९९९ पासून जागतिक वारसा. दूध-साखर अर्थातच नाही. झाकणाच्या छोट्या वाडग्यात, म्हणजे गायवानमध्ये, ५-६ ग्रॅम पानं आणि त्यावर उकळतं पाणी. पहिलं पाणी प्यायचं नाही, त्याने कप गरम करायचे. पुढचं प्रत्येक पाणी काही सेकंदांतच ओततात आणि दर वेळी चव बदलत जाते. चौथ्या कपापर्यंत कृपया कुणी बोलू नका. चित्रात कोरी सोडलेली जागा निवांत बघा. माझ्या मते या सकाळचा खरा आनंद तोच.

मग एकेकाने बोलायचं. वाद नको, सल्ले नकोत. गप्प राहावंसं वाटलं तर खुशाल राहा.

अत्तर लावून येऊ नका, चहाचा सुगंध मारला जातो. थोडं खाऊन या, रिकाम्या पोटी हा चहा बाधतो. कप मोजकेच आहेत, म्हणून शुक्रवारी रात्रीपर्यंत नाव कळवा.