ड्रेसिंगवाल्या काकांस, सादर नमस्कार

आदरणीय काका,

तुमचं नाव चारचौघांत लिहिलेलं तुम्हाला आवडणार नाही, म्हणून लिहीत नाही. आपल्या ग्रामीण रुग्णालयात ज्याने कधी मलमपट्टी करून घेतली आहे, त्याला 'ड्रेसिंगवाले काका' एवढं पुरे आहे. हे पत्र घरी आणूनही देता आलं असतं. पण तुम्ही मला जे समजावलं ते आपल्या भागात नवी स्पोर्ट गाडी घेतलेल्या प्रत्येक पोराच्या कानावर जावं असं वाटतं, म्हणून सगळ्यांसमोर लिहितो आहे.

पाडव्याला मी यामाहाची आर१५ घेतली. जिनिंगच्या (कापसातून सरकी काढण्याच्या कारखान्याच्या) वजनकाट्यावर चार वर्षं बसून पैसे जमवले होते. गाव ते जिनिंग २२ किलोमीटर, आणि कापसाच्या हंगामात गाड्यांची रांग संपून घरी निघायला रात्रीचे दहा-अकरा होतात. तोवर मी बाबांची १०० सीसीची गाडी चालवत होतो. ही १५५ सीसीची, १८.४ पीएस ताकदीची, हँडल खाली आणि सीट ८१५ मिलिमीटर उंच. गाडी घरी आली तेव्हा हातात २२,००० रुपये उरले होते. त्यात काय घ्यायचं ते माझं ठरलेलं होतं. गाडीच्या रंगाला शोभेल असं काळं-निळं हेल्मेट, त्याला काळी काच, आणि लेदरचं जाकीट. मित्राने मोबाईलवर ऑर्डर भरून ठेवली होती, फक्त पैसे टाकायचे बाकी होते.

त्याच आठवड्यात वावरात तुरीचं धसकट आईच्या पायात घुसलं आणि मी तिला तुमच्याकडे घेऊन आलो. तुम्ही जखम धुता धुता खिडकीतून माझी गाडी पाहिली आणि विचारलं, "पोरा, गाडी घेतली, आंगावर काय घेतलं?" मी मोबाईल पुढे केला. जाकिटाचं चित्र तुम्ही एकदाच पाहिलं, आईच्या पायाला पट्टी बांधून पूर्ण केली, हात धुतले, आणि मग माझा उजवा हात हातात घेऊन टेबलावर पालथा टेकवला.

"पडतानी माणूस काय करते? हात टेकते," असं म्हणून तुम्ही तो उताणा केलात आणि माझ्या तळव्याच्या मुळाशी, मनगटाच्या वर, अंगठ्याने दाबलं. "माह्याकडं येते तो पह्यले इथं सोलून येते. खडी आत रुतून रायते. ते काढतानी पोट्टे रडतात." मग कोपर, गुडघा, घोट्याचं हाड, आणि शेवटी हनुवटी. एकेका जागी बोट ठेवून तुम्ही सांगत गेलात. हनुवटीला टाके पडलेले बहुतेक जण अर्धं हेल्मेट घातलेले किंवा नुसतं डोक्यावर ठेवलेले असतात, हेही सांगितलंत. "जिथं मी पट्टी बांधतो, तिथं तू पैसे लाव."

काका, इतकी वर्षं आम्ही पोरं रायडिंग गियर, म्हणजे गाडीवर अंगात घालायचं सामान, म्हणजे फोटोत काय दिसतं तेवढंच बघत होतो. शरीराकडून सुरुवात करून कोणी सांगितलं नव्हतं.

मग तुम्ही कपाटातून ते हेल्मेट काढलंत. अपघातात सापडलेल्या एका मुलाचं, त्याच्या घरच्यांनी परत नेलं नाही म्हणून तुमच्याजवळ राहिलेलं. बाहेरून कानाजवळ बोटभर ओरखडा, बाकी नव्यासारखं. तुम्ही आतलं कापड ओढून काढलं आणि माझं बोट आतल्या थर्मोकोलवर फिरवलं. बाकी सगळीकडे ते जाड आणि टणक होतं. ओरखड्याच्या मागच्या बाजूला मात्र दबून जवळजवळ निम्मं झालेलं, आणि त्यात केसाएवढी भेग. दणका बसला की हे थर्मोकोल स्वतः चेपतं आणि डोक्यापर्यंत पोहोचणारा जोर कमी करतं. पण एकदा चेपलं की पुन्हा फुगत नाही, म्हणून पडलेलं हेल्मेट बाहेरून कितीही चांगलं दिसलं तरी दुसऱ्यांदा कामाचं नसतं. तो मुलगा आज चालतो-फिरतो, हे तुम्ही सांगितलं तेव्हा आईने हात जोडले होते.

तिथेच गॉजची एक पट्टी तुम्ही माझ्या भुवयांच्या वरून आणि डोक्यामागच्या उंचवट्यावरून गुंडाळलीत, खूण केलीत आणि फूटपट्टीवर ठेवून मोजलीत. साडेसत्तावन्न सेंटिमीटर. म्हणजे एम साइज. मित्राने माझ्यासाठी एल भरला होता.

रविवारी तुमची सुट्टी होती. ती तुम्ही माझ्यासाठी मोडलीत. नेरवरून एसटीने आपण अमरावतीला गेलो, तिकिटाचे पैसेही तुम्ही मला देऊ दिले नाहीत. दुकानातले तीन तास मी विसरणार नाही. पहिलं हेल्मेट डोक्यात घालताना मला कानाशी आवळल्यासारखं झालं आणि मी लगेच काढायला लागलो. तुम्ही म्हणालात, "राहू दे. वीस मिनिटं घालून बस." गालाची गादी गच्च बसलेली हवी, ती महिनाभरात थोडी सैल होते. पण कपाळावर एकाच जागी टोचत असेल तर ते हेल्मेट आपल्या डोक्याच्या आकाराचं नाही, ते सोडून द्यायचं. पहिलं कपाळाला टोचलं. दुसरंही. तिसरं बसलं. मग पट्टा लावून मला खाली वाकायला सांगितलंत आणि मागून वर ढकललंत. निघालं नाही. आणि मग, जे दुकानदारालाही सुचलं नव्हतं, ते तुम्ही केलंत. काउंटरला दोन्ही हात टेकवून मला आर१५ वर बसतात तसं पुढे झुकायला लावलंत आणि विचारलंत, "आता समोरचं दिसते का?" स्पोर्ट गाडीवर मान वर करून पाहावं लागतं. काही हेल्मेटची वरची कडा अशा वेळी डोळ्यांसमोर येते, सरळ उभं राहून घालून पाहिलं तर ते कळतच नाही.

घेतलं ते हेल्मेट एसएमके कंपनीचं, पांढरं, ४,८०० रुपयांचं. काळं मला हवं होतं, पण रात्री रस्त्यावर दिवा नसतो आणि उन्हाळ्यात काळं तापतं, या दोन गोष्टींनी माझं तोंड बंद झालं. काळ्या काचेचंही तसंच. हंगामात मी घरी परततो ती वेळ रोही (नीलगाय) आणि रानडुक्कर रस्ता ओलांडण्याची, तेव्हा पांढरी, म्हणजे आरपार दिसणारी काचच हवी. पट्ट्यावर शिवलेलं लेबल तुम्ही मला वाचून दाखवलंत. गोलात ई, आणि पुढे ०६ ने सुरू होणारा नंबर असेल तर ते ईसीई २२.०६ या नव्या युरोपीय मानकाचं, ०५ असेल तर आधीच्या. आयएसआय मात्र हवाच, कारण १ जून २०२१ पासून आपल्याकडे आयएसआय शिक्का नसलेलं दुचाकीचं हेल्मेट विकायलाच बंदी आहे. शिक्क्यावर आयएस ४१५१ हा हेल्मेटच्या मानकाचा क्रमांक आणि सीएम/एल हा कंपनीच्या परवान्याचा नंबर असतो, तो भारतीय मानक ब्यूरोच्या बीआयएस केअर ॲपमध्ये टाकून पाहता येतो. रस्त्याच्या कडेला मांडलेल्या हेल्मेटांवरही आयएसआय लिहिलेलं असतं, म्हणून नंबर तपासायचा.

हातमोजे २,६०० चे. त्यांचा रंगही आता मला नीट आठवत नाही, पण तळव्याच्या मुळाशी असलेली ती टणक, गुळगुळीत चकती आठवते. पडल्यावर हात रस्त्याला अडकून मनगट मुरडू नये, घसरत जावा, यासाठी ती असते. मनगटावरचा पट्टा आवळून तुम्ही हातमोजा बोटांकडून ओढून पाहिलात. दोन जोड्या सटकन निघून आल्या, त्या बाजूला ठेवल्यात.

लेदरचं जाकीट दुकानात होतं आणि मी ते हातात घेतलंही होतं. तुम्ही फक्त एवढंच विचारलंत की वैशाखात हे घालून तू वजनकाट्यावर जाशील का. मी गप्प राहिलो. जाळीचं जाकीट घेतलं, ८,५०० चं, त्यातही तुम्ही आधी आतले पॅड काढून त्यांच्यावरचे आकडे वाचलेत. ईएन १६२१-१ हे पॅडचं युरोपीय मानक, लेव्हल २. मी विचारलं, फरक काय? लेव्हल १ चं पॅड ठरावीक दणक्यातला सरासरी ३५ किलोन्यूटनपर्यंत जोर आत जाऊ देतं, लेव्हल २ चं २० पर्यंतच. हा आकडा तुम्ही कुठे वाचला होतात ते विचारायचं राहून गेलं. पाठीत मात्र नुसती स्पंजची पट्टी होती. ती काढून २,२०० चा वेगळा बॅक प्रोटेक्टर बसवायला लावलात, आणि गुडघ्यांसाठी २,४०० चे नी गार्ड. पुन्हा काउंटरवर झुकून बाह्या वर सरकतात का, कोपराचा पॅड कोपरावरच राहतो का, पाठ उघडी पडते का, सगळं पाहिलंत. माझ्या मापापेक्षा एक नंबर मोठं जाकीट आरामदायी वाटत होतं, पण त्यात हात वाकवला की पॅड कोपराच्या खाली उतरत होता. पॅड जागेवर नसेल तर तो असून नसल्यासारखाच.

रायडिंग बूट बजेटात बसले नाहीत. घोट्याच्या वर जाणारे चामड्याचे बूट माझ्याकडे होते, तेच नाडी आत खोचून वापरायचे, असं ठरलं. शोरूमने गाडीसोबत दिलेलं आयएसआय हेल्मेट मी विकणार होतो. त्यावर तुम्ही माझ्याकडे जे पाहिलंत, त्यानंतर ते बहिणीचं झालं. मोटार वाहन कायद्याच्या कलम १२९ मध्ये मागे बसणाऱ्यालाही हेल्मेट सक्तीचं आहे. ती आता कॉलेजच्या बसस्टॉपपर्यंत ते घालूनच माझ्या मागे बसते.

गावात बोलणी खाल्ली, काका. मे महिन्यात ४५ अंशांत जाकीट घालून निघालो की पानठेल्यावरचे लोक बघत राहायचे. पण तुम्ही सांगितलेली युक्ती खरी निघाली. आतला सुती टी-शर्ट पाण्यात बुडवून, पिळून घालायचा आणि वरून जाळीचं जाकीट. आपली हवा कोरडी, त्यामुळे गाडी सुरू झाली की वाळ्याच्या कूलरसमोर बसल्यासारखं वाटतं. अर्ध्या तासात सगळं वाळतं, मग विहिरीवर थांबून पुन्हा ओलं करायचं. उघड्या हातांनी जायचो तेव्हा गरम झळा थेट कातडीला भाजायच्या, ते आता होत नाही. हेल्मेटखाली जाड दुपट्टा गुंडाळायची सवयही तुम्ही सोडवलीत. त्याच्या घड्यांनी हेल्मेट वर उचललं जातं आणि सैल होतं. आता पातळ सुती टोपी घालतो.

आणि मग पोळ्याच्या दोन दिवस आधीची संध्याकाळ. झड लागून गेली होती. वावरातून निघालेल्या ट्रॅक्टरच्या चाकांची काळी माती वळणावर डांबरावर सांडलेली. आपली काळी माती ओली झाली की साबणासारखी होते, हे लहानपणापासून माहीत असूनही वळणात शिरल्यावरच ती दिसली. वेग चाळीसच्या आसपास असेल. एबीएस (ब्रेक दाबल्यावर चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) आहे, पण तिरप्या गाडीचं पुढचं चाक चिखलावरून सुटलं तर एबीएस काय करणार? मी उजव्या कुशीवर पडलो आणि गाडीच्या मागे घसरत गेलो. एवढंच आठवतं की उजवा तळवा रस्त्यावर टेकला होता आणि त्यातून खरखर असा आवाज येत होता. मी तो आवाज ऐकत होतो आणि दुखत नव्हतं.

पाठीमागून येणाऱ्या मेटॅडोरवाल्याने मला तुमच्याकडे आणलं. तुम्ही हातमोजा काढलात. चकती घासून अर्धी झाली होती, तिच्याखालचा तळवा कोरा होता. कोपरावर जाळी फाटलेली, आतला पॅड शाबूत. नी गार्डवर चार खोल रेघा. हनुवटीच्या पुढे हेल्मेटवर मातीने भरलेला एक ओरखडा. माझ्या हनुवटीला काहीच नव्हतं. उजव्या खुब्यावर मात्र तळहाताएवढं काळंनिळं उमटलं, कारण तिथेच काही घातलेलं नव्हतं. तो मुका मार पंधरा दिवस राहिला. तुम्ही कात्री, गॉज, औषधाची बाटली सगळं ट्रेमध्ये काढून ठेवलं होतं. ते तसंच परत ठेवलंत. कापसाचा एक बोळासुद्धा लागला नाही. तेव्हा तुम्ही खुर्चीवर बसलात आणि डोळे पुसलेत, काका. मी ते पाहिलं होतं. त्या दिवशी मला बोलता आलं नाही, म्हणून आज लिहितो आहे.

हेल्मेट बदलायला तुम्ही सांगितलंत. पाच महिनेही न वापरलेलं, ४,८०० रुपये, मन मानत नव्हतं. मग कपाटातलं ते दबलेलं थर्मोकोल आठवलं. पुढच्या पगारात पहिली खरेदी तीच केली, तेच मॉडेल, तोच एम साइज, तोच पांढरा रंग. जुन्याचा पट्टा कापून टाकला, म्हणजे दुसरं कोणी ते वापरणार नाही.

तुमच्या आई-वडिलांनी तुम्हाला काय शिकवलं मला माहीत नाही. पण जखमा बांधता बांधता माणूस ज्या गोष्टी शिकतो, त्या एका परक्या पोरासाठी सुट्टीच्या दिवशी उलगडून सांगणं सगळ्यांना जमत नाही. माझे दोन्ही तळवे, कोपर, गुडघे आणि हनुवटी तुमचे ऋणी आहेत. आई रोज संध्याकाळी दिवा लावताना तुमचं नाव घेते.

जिनिंगवरच्या तीन पोरांची डोकी मी गॉजच्या पट्टीने मोजून दिली आहेत. एकाचं ६० निघालं, तो इतके दिवस एम घालून कपाळ दुखतं म्हणत होता.

राहिला तो खुबा. कमरेला पॅड असलेली आणि जाकिटाला चेनने जोडता येणारी रायडिंग पँट पाहायची आहे. येत्या महिन्यात वेचणीचा जोर ओसरला की एका रविवारी अमरावतीला जाईन म्हणतो. तुमची सुट्टी कोणत्या रविवारी आहे ते कळवा. या वेळी एसटीचं तिकीट मी काढणार. आणि आदल्या दिवशी घरी जेवायला या, आई रोडगे आणि वांग्याची भाजी करणार आहे.

तुमचा,
वजनकाट्यावरचा पोट्टा