आप्पा, जोड कोण लावतं?

पुणे, रविवार

ति. आप्पा आणि माय यांस शि. सा. नमस्कार.

आप्पा, परवा फोनवर तुम्ही विचारलंत, "जे हारनार शेतस, त्यास्ना मांगे तू काब्र लागस?" आणि हरणाऱ्यांच्या मागे मी का लागते हे सांगायला मी तोंड उघडायच्या आत फोन मायच्या हातात दिलात. मायने कापसाच्या भावाचा विषय काढला आणि माझं उत्तर राहूनच गेलं. म्हणून हे पत्र. यात तुम्हाला मध्येच "बरं, ठेवतो" म्हणता येणार नाही.

विषय नेपाळच्या क्रिकेट संघाचा होता. 2024च्या टी-20 विश्वचषकात किंग्सटाउनला त्यांनी दक्षिण आफ्रिकेला 115 धावांत रोखलं आणि स्वतः 114 वर अडकले. शेवटच्या चेंडूवर दोन धावा हव्या होत्या. गुलशन झाच्या बॅटला चेंडू लागलाच नाही, आणि पळता पळता तो धावबाद झाला. मी ती क्लिप पाठवली तर तुमचं म्हणणं, हरलेच ना शेवटी? हरले. पण कुस्त्यांच्या आमदंगलीत एखादं काटकुळं पोर मोठ्या पहिलवानाखाली बराच वेळ टिकलं, पाठ मातीला लागू दिली नाही, की खिशातून नोट काढून त्याच्या नावाने पुकारायला कोण लावतं? जिंकणाऱ्याला इनाम पंच देतात, हरणाऱ्याला तुम्ही. माय म्हणते, या हरणाऱ्यांवर जेवढं गेलं तेवढ्यात एक गोऱ्हा आला असता. तेव्हा मी कोणावर गेले, हे निदान तुम्ही तरी विचारू नये.

आणि विजय चौधरी? आपल्या चाळीसगाव तालुक्यातला पोरगा 2014, 2015, 2016 अशी सलग तीन वर्षं महाराष्ट्र केसरी झाला तेव्हा अख्ख्या गल्लीत पेढे कोणी वाटले? त्याआधी कोल्हापूर-सांगली-पुण्याच्या तालमींपुढे खान्देशातल्या पहिलवानाला कोण मोजत होतं? तुम्ही मोजत होता. मग मी नेपाळला मोजलं तर बिघडलं कुठे?

तुमचा खरा मुद्दा मात्र मला पटतो, तो खोडून काढत नाही. तुम्ही म्हणता, दंगलीत जोड बघून लावतात. वस्ताद दोन्ही पोरांना शेजारी उभं करतात, अंगकाठी बघतात, मगच हात मिळवायला सांगतात. रेवड्यांच्या इनामावर खेळणाऱ्या पोराला कोणी लाखाच्या मल्लापुढे ढकलत नाही. क्रिकेटमध्ये तसं काही नाही, म्हणून ते सामने एकतर्फी होतात, म्हणून "हाऊ काय खेय शे?" बरोबर. पण पुढचं तुम्ही बोलत नाही. ते रेवड्यांवरचं पोर पुढच्या आठवड्यात दुसऱ्या जत्रेत खेळतं, मग तिसऱ्या. आखाजीपर्यंत त्याच्या किती कुस्त्या होतात! खेळून खेळूनच ते नोटांवर येतं, मग गदेवर. क्रिकेटमधल्या लहान संघांना ही मधली जत्राच कोणी भरवून देत नाही. चार वर्षांतून एकदा बोलवायचं, थेट मोठ्या मल्लापुढे उभं करायचं आणि चितपट झाला की म्हणायचं, बघा, याची लायकी नाही.

केनियाचं काय झालं ते बघा. 29 फेब्रुवारी 1996 ला इथे पुण्यात, स्वारगेटजवळच्या नेहरू स्टेडियमवर त्यांनी वेस्ट इंडीजला 73 धावांनी हरवलं. पुण्याचे काका त्या सामन्याला होते आणि अजून कोणी पाहुणा आला की चहाआधी तेच सांगतात. केनियाच्या सगळ्या मिळून 166 धावा, त्यातही सर्वांत मोठा आकडा अवांतर धावांचा. समोर लारा, रिचर्डसन, चंद्रपॉल. आणि वेस्ट इंडीज 93 वर गारद. लाराचा झेल घेतला तारिक इक्बालने. चष्मा लावणारा, अंगाने जाड असा यष्टिरक्षक तो, काकांच्या भाषेत "आपल्या तलाठ्यासारखा". 2003 ला हेच केनियावाले विश्वचषकाच्या उपांत्य फेरीत पोचले. न्यूझीलंड सुरक्षेच्या कारणाने नैरोबीला गेलंच नाही, ते गुण फुकटचे होते, हे तुम्ही काढणारच. काढा. पण त्याच नैरोबीत त्यांनी श्रीलंकेला आखाड्यात उतरवून हरवलं, कॉलिन्स ओबुयाने 24 धावांत पाच बळी घेतले. डर्बनला आपल्या गांगुलीने शतक ठोकलं आणि त्यांचा प्रवास थांबला.

त्यानंतर त्यांच्याकडे मोठे संघ खेळायला जाणार, निदान असं कोणालाही वाटलं असतं. फारसं कोणी गेलं नाही. सगळा दोष मोठ्यांवर ढकलणार नाही मी. त्यांच्या मंडळातही भांडणं होती, मानधनावरून खेळाडू अडून बसले होते, आणि पुण्याच्या सामन्याचा मानकरी मॉरिस ओडुंबे याच्यावर 2004 मध्ये सट्टेबाजाकडून पैसे घेतल्याबद्दल पाच वर्षांची बंदी आली. 2014 ला केनियाचा आंतरराष्ट्रीय एकदिवसीय सामने खेळण्याचा दर्जाही गेला. उपांत्य फेरी ते दर्जा जाणं, मधे अकरा वर्षं. त्या वर्षांत तिथे जी पोरं वयात आली त्यांना जोड मिळालीच नाही.

पैशाचं गणित तुम्हाला लगेच कळेल. आयसीसी म्हणजे क्रिकेटची जागतिक संघटना, तिच्या 2024 ते 2027 या काळातल्या वाटपात एकट्या भारताच्या मंडळाला साधारण 38 टक्के, आणि कसोटी दर्जा नसलेले नव्वदच्या वर सहसदस्य देश मिळून साधारण 11. टीव्हीचा पैसा आपल्याकडून येतो, म्हणून वाटाही आपला, असं त्यांचं म्हणणं. असेल. पण इनाम लावणारेच जोड लावायला बसले तर दंगल कशी होईल, हे मी तुम्हाला काय सांगू? एकदिवसीय विश्वचषकात 2007 ला सोळा संघ होते, 2011 आणि 2015 ला चौदा, 2019 आणि 2023 ला दहा. खेळ वाढवायचा म्हणतात आणि फाटक लहान करत जातात. त्या फाटकातून 2023 ला खुद्द वेस्ट इंडीजही आत येऊ शकलं नाही. दोन वेळचे जगज्जेते!

यावर तुमचे जावई मला किती छळतात, विचारू नका. फुटबॉलवाले ते. घरात एकच टीव्ही, त्यामुळे रिमोटची कुस्ती रोजचीच. त्यांचं पालुपद, "आमच्याकडे बत्तीसचे अठ्ठेचाळीस झाले, तुमच्याकडे चौदाचे दहा." आणि 2026च्या त्यांच्या विश्वचषकाला कुरासाव पात्र ठरलं तेव्हा तर दोन दिवस घरात राहणं मुश्कील झालं. कुरासाव म्हणजे कॅरिबियन समुद्रातलं बेट, वस्ती आपल्या भुसावळ शहरापेक्षाही कमी. भुसावळचा संघ विश्वचषकात, अशी कल्पना करा म्हणतात. मी टी-20 ला आता वीस संघ असतात ते सांगितलं, अमेरिकेने पाकिस्तानला डॅलसमध्ये सुपर ओव्हरमध्ये हरवलं ते सांगितलं, ती ओव्हर टाकणारा सौरभ नेत्रावळकर आपल्या मुंबईचा, तिकडे सॉफ्टवेअरची नोकरी करतो, हेही सांगितलं. त्यावर त्यांचं उत्तर, "म्हणजे तुमच्या लहान संघातही शेवटी मुंबईकरच." त्या दिवशी त्यांना वांग्याचं भरीत वाढलं नाही.

अफगाणिस्तानवर मात्र तेही गप्प बसतात. 2008 ला हा संघ जर्सी नावाच्या बेटावर पाचव्या विभागात खेळत होता, त्याखाली फारसं काही नव्हतंच. पेशावरकडच्या निर्वासित छावण्यांत क्रिकेट शिकलेली पोरं. 2017 ला आयसीसीचं पूर्ण सदस्यत्व आणि कसोटी दर्जा. 2023च्या विश्वचषकात इंग्लंडला दिल्लीत आणि पाकिस्तानला चेन्नईत हरवलं, आणि 30 ऑक्टोबरला इथे गहुंजेला श्रीलंकेला. त्या सामन्याला आम्ही दोघं गेलो होतो. राशिद खानचा तो शंभरावा एकदिवसीय सामना. 242 चं लक्ष्य, आणि उमरझाई-शाहिदीने ते इतक्या शांतपणे गाठलं की शेवटी शेवटी मला कंटाळाच आला. लहान संघाने मोठ्याला कंटाळवाणेपणाने हरवावं, याहून मोठी प्रगती कुठली?

पण माय, तू तेव्हा फोनवर एकच विचारलं होतंस, "यास्न्या पोरी खेळतीस का?" ते माझ्या डोक्यातून जात नाही. नाही खेळत. 2020 ला त्यांच्या मंडळाने पंचवीस मुलींशी करार केले होते. 2021 ला तालिबान आलं आणि त्यातल्या बहुतेक जणी देश सोडून ऑस्ट्रेलियात गेल्या. जानेवारी 2025 मध्ये मेलबर्नला त्यांचा एक प्रदर्शनीय सामना झाला. पूर्ण सदस्य देशाचा महिला संघ हवा हा नियम कागदावर आहे. राशिदने विकेट घेतली की मी अजूनही टाळ्या वाजवते, पण तुझा प्रश्न मधे येतो आणि हात थोडे आखडतात.

तू कबड्डीवाली, म्हणूनच तुला ते सुचलं असणार. 2018च्या जकार्ताच्या एशियाडमध्ये इराणच्या मुलींनी आपल्या मुलींना अंतिम सामन्यात 27-24 ने हरवलं, तेव्हा आप्पा ताटावरून उठले होते आणि तू मात्र खूश. कारण इराणला शिकवणाऱ्या शैलजा जैन आपल्या नाशिकच्या! आप्पांनी तुला देशद्रोही ठरवलं आणि तू म्हणालीस, पोरी कोणाच्याही असोत, चढाई बघा. त्याच्या आदल्याच दिवशी आपल्या पुरुषांना इराणनेच उपांत्य फेरीत पाडलं होतं. आप्पा, कबड्डीत आपण म्हणजे लाखाचे मल्ल, आणि तिथे जोड आपणच तयार करून दिली, प्रशिक्षक पाठवून, लीगमध्ये खेळवून. हरल्यावर झोंबलं खरं. पण मायला विचारा, त्यानंतर कबड्डी बघायला जास्त मजा येते की कमी.

बाकी ठीक. बीपीच्या गोळ्या संपायच्या आत आणत जा, संपल्यावर नाही. कळण्याचं पीठ येणाऱ्या-जाणाऱ्याबरोबर पाठव, माय, इथल्या भाकरीला ती चवच नाही.

आणि आप्पा, एक पैज. 2027चा एकदिवसीय विश्वचषक पुन्हा चौदा संघांचा आहे, दक्षिण आफ्रिका, झिम्बाब्वे आणि नामिबियात. पहिल्या दोघांना थेट प्रवेश. नामिबिया यजमान, पण पूर्ण सदस्य नाही, म्हणून त्याला पात्रता फेरीतूनच यावं लागणार. ज्याच्या गावात दंगल, त्यालाच पास काढायला लावलाय. नामिबिया आत आलं तर त्यांचा एक सामना तुम्ही माझ्याशेजारी बसून पहिल्या चेंडूपासून शेवटपर्यंत बघायचा, मधे शेतात जायचं नाही. नाही आलं तर येत्या जत्रेत मी तुमच्याबरोबर भर उन्हात शेवटच्या कुस्तीपर्यंत बसेन, आणि हरणाऱ्यांच्या नोटा माझ्या पर्समधून.

तुमची लेक